माझे, तुझे आणि लिपीतून निसटलेला एक ध्वनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी आम्ही हवाई बेटांतील भाषेचा विषय निवडला, हे ऐकून कार्यकारिणीतील काही स्नेह्यांना थोडे नवल वाटले. आपल्या घरचे ज्ञानेश्वर-तुकाराम सोडून पॅसिफिक महासागरात जाण्याचे प्रयोजन काय, असे त्यांनी आम्हांस प्रेमानेच विचारले. त्याचे उत्तर आम्ही आरंभी देत नाही. भाषण संपेपर्यंत ते श्रोत्यांस आपोआप सापडावे, एवढीच इच्छा आहे.

हवाई ही पॉलिनेशियन कुळातील भाषा. उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड आणि आग्नेयेस रापा नुई अथवा ईस्टर बेट, असा एक प्रचंड त्रिकोण कल्पिला, तर त्यातील शेकडो बेटांवर या कुळातील भगिनीभाषा बोलल्या जातात. होकायंत्र नसलेल्या दर्यावर्दी लोकांनी तारे, लाटा आणि पक्षी यांच्या खुणांवर नौका हाकून ही बेटे वसविली. हवाईवर त्यांची वस्ती झाली त्यास ढोबळमानाने आठशे ते हजार वर्षे लोटली. या कुळाची दूरची नाती आग्नेय आशिया ओलांडून आपल्या हिंदी महासागरातील मादागास्करपर्यंत पोचतात. पाच या संख्येस हवाई भाषेत 'लिमा' म्हणतात, मलायातही 'लिमा' म्हणतात आणि मादागास्करात 'दिमी' म्हणतात, यावरून या आप्तसंबंधाची कल्पना यावी.

आता या भाषेच्या वर्णमालेकडे वळू. आपण मराठी माणसे व्यंजनांच्या बाबतीत श्रीमंत आहोत. 'क'पासून 'ळ'पर्यंत आपली तीसांहून अधिक व्यंजने होतात. हवाई भाषेत व्यंजने आहेत अवघी आठ! प, क, ह, ल, म, न, व ही सात आपल्या ओळखीची. आठव्याविषयी पुढे विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण आजच्या कथेचा नायक तोच आहे. स्वर पाच : अ, इ, उ, ए, ओ. मात्र प्रत्येक स्वर ह्रस्वही असतो आणि दीर्घही, आणि त्या फरकाने अर्थ पालटतो. या भाषेत जोडाक्षर नाही आणि कोणतेही अक्षर व्यंजनाने संपत नाही. प्रत्येक अक्षर स्वरात विसावते, म्हणून ही भाषा कानाला किनाऱ्यावर येणाऱ्या लाटेसारखी वाटते.

एवढ्या थोड्या भांडवलात परक्या शब्दांची व्यवस्था कशी लावावयाची? नाताळात हवाईमध्ये एकमेकांस 'मेले कलिकिमक' असे म्हणतात. मराठी श्रोत्याने 'मेले' या शब्दाने दचकू नये. ते 'मेरी क्रिसमस' आहे. भाषेत 'र' नाही, म्हणून 'ल' आला. 'स' नाही, म्हणून 'क' आला. जोडाक्षर चालत नाही, म्हणून मध्ये स्वर घालून ते सोडविले. याच न्यायाने डेव्हिडचा 'कावीक' झाला आणि रॉबर्टचा 'लोपाक'. आपल्या खेड्यात 'धर्म'चा 'धरम' होतो आणि 'स्टेशन'चे 'ठेसन' होते, त्यातलाच हा प्रकार. भाषा परका शब्द घरात घेते तेव्हा आधी त्यास आपल्या घरचे कपडे घालते.

आता आठवे व्यंजन. लहान मूल समईच्या ज्योतीकडे हात नेऊ लागले, की आई 'अ’अ!' असे तोडून म्हणते. त्या दोन 'अ'कारांच्या मध्ये घसा क्षणभर मिटतो आणि पुन्हा उघडतो. त्या मिटण्यास आपल्याकडे ध्वनी म्हणून कोणी मोजत नाही. आपल्या वर्णमालेत त्यास अक्षरही नाही. हवाई भाषेत मात्र ते 'क' किंवा 'म' यांच्या तोडीचे पूर्ण व्यंजन आहे. त्याच्या लेखी खुणेस 'ओकिना' म्हणतात. आम्ही येथे तो ध्वनी स्वल्पशा उलट्या खुणेने, म्हणजे ’ असा, दाखवीत आहोत.

या एका अवरोधाने काय होते पाहा. 'पउ' म्हणजे संपले. 'प’उ' म्हणजे काजळी. 'प’ऊ' म्हणजे ओलसर. 'पा’ऊ' म्हणजे स्त्रियांचे कमरेचे वस्त्र. 'मोअ' म्हणजे कोंबडी, आणि 'मो’अ' म्हणजे शिजलेले. या सर्वांहून महत्त्वाची जोडी पुढची आहे. 'कोउ' म्हणजे तुझे, आणि 'को’उ' म्हणजे माझे. माझे आणि तुझे यांमध्ये तेथे केवळ घशाचे ते क्षणभर मिटणे उभे आहे. ते गेले, तर कोणते घर कोणाचे हे सांगण्याची सोय उरत नाही.

हा ध्वनी आला कोठून? भाषाशास्त्राने त्याचा माग लावला आहे. आपल्याकडे 'सप्त' आणि फारसीतील 'हफ्त', किंवा 'सिंधु' आणि 'हिंदु' या जोड्या शाळेतच सांगितल्या जातात. एका भाषेत 'स' असेल तेथे भगिनीभाषेत नेमाने 'ह' येतो. तसेच न्यूझीलंडची माओरी आणि हवाई यांचे आहे. माओरीत 'त' तेथे हवाईत 'क'. माओरीतील 'तपु', म्हणजे निषिद्ध, हवाईत 'कपु' होतो. याच शब्दाच्या टोंगा बेटावरील रूपावरून इंग्रजीत 'टॅबू' आला आणि तेथून तो आपल्या मराठी लेखांतही शिरला. डोळ्यास माओरीत 'मत', हवाईत 'मक'. मग जुन्या 'क'चे काय झाले? 'त'ला जागा करून देऊन तो घशात उतरला. माओरीत मासा 'इक', हवाईत 'इ’अ'. माओरीत नौका 'वक', हवाईत 'व’अ'. ज्यास ऐकणाऱ्याने नुसता खंड समजावे, तो एका प्राचीन 'क'चा वंशज आहे. माओरीत 'माझे' यास 'तोकु' आणि 'तुझे' यास 'तोउ' म्हणतात. 'तोकु'तला 'क' हाच 'को’उ'मधला अवरोध होय.

या इतिहासाचा आमच्या महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे. तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१८१३ साली अमेरिकेतील बोस्टनच्या एका मिशनरी मंडळाने, ज्यास 'अमेरिकन बोर्ड' म्हणत, मुंबईत आपले कार्य सुरू केले. त्यातूनच पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, आणि १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघाले. याच बोर्डाने १८१९ साली दुसरी एक तुकडी बोस्टनहून हवाईकडे रवाना केली. ती १८२० साली तेथे पोचली. म्हणजे मराठीचे मुद्रण करणारे एक हात आणि हवाई भाषेस लिपी देणारे हात एकाच घरचे होते. फरक असा, की मराठीपाशी देवनागरी आणि मोडी होत्या व शेकडो वर्षांचे लेखन होते. हवाईपाशी अफाट मौखिक वाङ्मय होते, वंशावळी होत्या, स्तोत्रे होती, लिपी नव्हती.

७ जानेवारी १८२२ रोजी होनोलुलु येथे पहिले पान छापले गेले. तेव्हा एक अडचण उभी राहिली. त्या काळी काही बेटांवर लोक 'त' म्हणत, काही बेटांवर 'क'. 'ल' आणि 'र', 'प' आणि 'ब', 'व' यांच्या छटाही अशाच सरमिसळ ऐकू येत. थोर राजा कामेहामेहा याचे नाव परकीय लोक 'तामेहामेहा' असेही लिहीत. लोकांना या फेरफाराने काही अडत नव्हते. छापखान्याला अडत होते. अखेर १८२६ साली मिशनऱ्यांनी चक्क मतदान घेतले आणि 'ब', 'त', 'द', 'र' आदी अक्षरे भाषेच्या वर्णमालेतून वगळली. 'क' आणि 'ल' निवडून आले. एखाद्या भाषेतील ध्वनींचा निकाल बहुमताने लागावा, असे प्रसंग इतिहासात विरळाच.

आठव्या व्यंजनास तर उमेदवारीही मिळाली नाही. ते त्यांनी ऐकले होते, पण अक्षर मानले नाही. दीर्घ स्वरही दाखविले नाहीत. मात्र बायबलाच्या भाषांतरात एका ठिकाणी त्यांना खूण करावीच लागली. ते ठिकाण म्हणजे 'को’उ' आणि 'कोउ'. देवाच्या ग्रंथात माझे आणि तुझे यांची गल्लत चालण्यासारखी नव्हती! बाकी सर्वत्र काजळी, ओलावा आणि समाप्ती हे शब्द कागदावर एकसारखेच दिसू लागले.

त्या वेळी याने काही बिघडले नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. वाचणारा हवाईच होता. संदर्भ पाहून योग्य शब्द त्याच्या तोंडी आपसूक येई. आपणही तेच करतो. 'चार माणसे' यातील 'च' निराळा आणि 'जनावरांचा चारा' यातील 'च' निराळा. 'हे जग' आणि 'तू जग' यांतील 'ज' एक नव्हेत. देवनागरीसारखी काटेकोर लिपीदेखील हा भेद दाखवीत नाही. तो आपल्याला आईने सांगितला, पुस्तकाने नव्हे. लिपी अपुरी असली तरी कान भरलेला असला, की भाषा सुखरूप असते.

आणि ती सुखरूप होती, एवढेच नव्हे तर बहरात होती. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२चे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, मावी बेटावरील लाहाइनालुना येथील विद्यालयातून पहिले हवाई वृत्तपत्र निघाले. त्याच्या नावात दिवा आहे, आपल्याकडच्या नावात आरसा! १८३९ साली बायबलाचे भाषांतर पूर्ण झाले, १८४० साली राज्याची घटना त्याच भाषेत लिहिली गेली. पुढच्या शतकभरात शंभराहून अधिक हवाई नियतकालिके निघाली. बातम्या, कथा, वंशेतिहास, शोकगीते, वादविवाद यांची लाखाहून अधिक छापील पाने आज उपलब्ध आहेत. ज्या भाषेचे वाङ्मय एवढे, ती मरणपंथास लागेल असे कोणास वाटले असते?

पण लागली. प्रथम माणसेच कमी झाली. १७७८ साली कॅप्टन कूक तेथे उतरल्यापासून बाहेरच्या रोगांनी बेटे उद्ध्वस्त केली. १८९०च्या शिरगणतीत मूळ हवाई व अंशतः हवाई मिळून सुमारे चाळीस हजारच लोक उरले होते. उसाच्या मळ्यांवर चीन, जपान, पोर्तुगाल येथून मजूर आले, आणि परस्परांशी बोलण्यासाठी एक मिश्र इंग्रजी बोली रूढ झाली. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. १८९६ साली नव्या राजवटीने कायदा केला, की शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहील. १८९८ साली बेटे अमेरिकेस जोडली गेली. शाळेत हवाई बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी तेथील वृद्धांनी पुढे सांगितल्या आहेत.

त्या मुलांनी मोठेपणी काय केले? त्यांनी आपल्या मुलांशी हवाई बोलणे सोडले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आपण खाल्लेला मार लेकराने खाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. कायद्याने शाळा बंद केली. घराचे दार मात्र मायेने बंद झाले. भाषेचा घात झाला तो या दुसऱ्या दाराने. वृत्तपत्रे चालूच होती, पण वाचक म्हातारे होत होते. हिलो येथील शेवटचे हवाई वृत्तपत्र १९४८ साली थांबले. १९८०च्या सुमारास अठरा वर्षांखालील हवाई बोलणारी मुले पन्नासदेखील नव्हती, असे सांगतात. त्यांतील बहुतेक नि’इहाउ या एका लहानशा खाजगी मालकीच्या बेटावरची. बाहेरच्यांस तेथे सहसा प्रवेश नसल्याने घरोघरी जुनी भाषा टिकली होती. दोनशेहून कमी वस्तीच्या त्या बेटावर आजही १८२६ च्या मतदानात हरलेला 'त' ऐकू येतो.

येथे आमच्या कथेतील खरी अडचण उभी राहते. तरुण पिढीस भाषा परत हवीशी झाली तेव्हा एवढी पाने हाताशी होती. पण पानांवर आठवे व्यंजन नव्हते, दीर्घ स्वर नव्हते. डोळ्यांना 'पउ' दिसे. तोंडाने काय म्हणावयाचे? ग्रंथालय भरलेले आणि कान रिकामा, अशी ती स्थिती होती.

त्यातून वाट निघाली ती वृद्धांच्या तोंडून. १८९५ साली, म्हणजे त्या कायद्याच्या आदल्या वर्षी, काऊ नावाच्या प्रांतात मेरी कावेना पुकुइ ही मुलगी जन्मली. पहिले मूल आजीच्या हवाली करावे, या जुन्या चालीप्रमाणे ती आयुष्याची पहिली काही वर्षे आजीपाशी वाढली आणि तिच्याकडून भाषा, गाणी व रूढी शिकली. पुढे तिने सॅम्युअल एल्बर्ट या विद्वानाबरोबर कोश रचला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कोशात शब्दागणिक अवरोध आणि दीर्घत्व यांच्या खुणा दिल्या. आजीच्या मांडीवर कानात पडलेले ध्वनी असे कागदावर उतरले. १९७२ साली लॅरी किमुरा यांनी नभोवाणीवर एक कार्यक्रम सुरू केला. त्यात जन्मतः हवाई बोलणाऱ्या वृद्धांस बोलावून नुसते बोलते केले जाई. तो १९८८ पर्यंत चालला. ते शेकडो तासांचे ध्वनिमुद्रण आज शिकणाऱ्यांचे गुरुकुल झाले आहे.

१९७८ साली राज्यघटनेत हवाईस इंग्रजीबरोबर राजभाषेचा मान मिळाला. तरी केवळ मानाने मुले बोलू लागत नाहीत, हे तेथील कार्यकर्त्यांनी ओळखले. १९८२ साली माओरी लोकांनी 'कोहंग रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, या नावाच्या बालवाड्या काढल्या होत्या. त्यांच्या धर्तीवर १९८४ साली काउआइ बेटावर पहिले 'पूनान लेओ', म्हणजे वाणीचे घरटे, उघडले. माओरीतील 'रेओ' आणि हवाईतील 'लेओ' हा एकच शब्द, हे श्रोत्यांनी ओळखले असेलच. त्या घरट्यात मुलांशी केवळ हवाईत बोलावयाचे, हाच नियम. शाळेत ही भाषा वापरण्यावरची बंधने १९८६ साली उठली. १९८७ पासून सरकारी शाळांत हवाई माध्यमाचे वर्ग सुरू झाले आणि १९९९ साली या शिक्षणातून तयार झालेली पहिली मुले शालान्त परीक्षा ओलांडून बाहेर पडली. २०१६ सालच्या राज्याच्या एका अहवालात घरी हवाई बोलणारांची संख्या अठरा हजारांवर दिली आहे.

हे चित्र जितके आनंदाचे, तितकेच ते अपुरे आहे, हे लपवू नये. युनेस्कोच्या यादीत ही भाषा अतिशय धोक्यातील म्हणूनच नोंदली आहे. शाळेत शिकलेली नवी हवाई आणि आजीची हवाई यांत फरक पडतो, अशी खंत जाणकार बोलून दाखवितात. नि’इहाउचे लोक बहुधा खुणा न घालताच लिहितात. त्यांना त्यांची गरज नाही. खुणांची गरज ज्याचा कान तुटला त्याला असते. कुबडी उपयोगी असते, यात शंका नाही. पण जो चालतो त्याला ती लागत नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घरी येऊ. आपली मराठी कोट्यवधींची भाषा आहे. हवाईवरचा प्रसंग तिच्यावर येईल, असा अभद्र विचार आमच्या मनात नाही. परंतु महाराष्ट्राबाहेरील या नगरीतले आपले प्रत्येक घर हे एक बेटच आहे, आणि बेटाचा न्याय निराळा असतो. मागच्या महिन्यात एका स्नेह्यांकडे बसलो असता त्यांची नात आत येऊन म्हणाली, 'आजोबा, वेल झाली.' आम्हांस क्षणभर दारातली जाईची वेल आठवली. तिला म्हणावयाचे होते 'वेळ झाली'. पोर हुशार आहे, मराठी वाचतेही. 'ळ' हे अक्षर तिला लिहिता येते. आपल्या 'ळ'ला लिपीत जागा आहे, तरी तो जिभेवरून उतरला. मग ज्या 'च' आणि 'ज'च्या भेदास लिपीत जागाच नाही, त्यांचे काय झाले असेल, याचा हिशोब प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

या मंडळाने पन्नास वर्षांत ग्रंथालय जोपासले, नाटके केली, गणेशोत्सव केला. त्याचा आम्हांस अभिमान आहे. त्या कपाटांतील एकही पुस्तक कमी व्हावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र हवाईचा दाखला असा, की शंभर वृत्तपत्रे जे राखू शकली नाहीत, ते एका आजीने राखले. यास्तव सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एक साधी सूचना आहे. दर रविवारी सकाळी ग्रंथालय उघडे असते, त्याच वेळी शेजारच्या खोलीत मंडळातील वृद्ध स्त्री-पुरुषांनी मुलांना घेऊन तासभर बसावे. शिकवू नये, बोलावे. गावाकडच्या गोष्टी सांगाव्यात, उखाणे घालावेत, भांडणे सोडवावीत, वाटल्यास रागवावे, सारे मराठीत. ज्यांचा आवाज अजून खणखणीत आहे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. यास निधी लागत नाही. लागतात त्या केवळ आजी-आजोबा आणि त्यांचा वेळ. तो वेळ आज आहे. पुढच्या सुवर्णमहोत्सवापर्यंत तो थांबणार नाही.

'को’उ' आणि 'कोउ' यांत घशाचे एक मिटणे आहे. ते कानांनी ऐकल्यावाचून जिभेला येत नाही. भाषेला 'माझी' म्हणण्याचा उच्चारदेखील कोणीतरी आपल्या कानात घालावा लागतो. तो आपल्या नातवंडांच्या कानात घालण्याचे भाग्य आपल्याला लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.